शालेय मौखिक आरोग्यशिक्षण

शालेय मौखिक आरोग्यशिक्षण : दात, हिरड्या व मुखातील इतर भाग निरोगी कसे राखावेत याचे ज्ञान आणि तदनुषंगिक सवयी शाळकरी मुलांना शाळेच्या नित्य कार्यक्रमातून देणे, यास शालेय मौखिक आरोग्यशिक्षण असे म्हणतात. शालेय आरोग्यसेवेचे ते एक अंग असून वर्गातील पाठ, दात घासण्याची प्रात्यक्षिके, दंततपासणी, आहारविषयक मार्गदर्शन आणि जरूर तेथे मुलाला उपचारासाठी दवाखान्याकडे पाठविणे यांचा त्यात समावेश होतो. या विषयाला सुमारे १४० वर्षांचा इतिहास आहे. मुलाला शिकविले की त्याचा रोग टळतो, अशी समजूत या इतिहासात दीर्घकाळ वावरताना दिसते. ती कशी रूढ झाली व पुढे तिला कसे तडे गेले, हे पाहणे उद्बोधक आहे.

दंतक्षय हा बालवयातील अत्यंत सर्वसामान्य रोग होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील अहवालानुसार दुधाचे दात किडलेल्या मुलांची संख्या जगात ५० कोटींहून अधिक आहे. मूल शाळेत दाखल होते त्याच सुमारास, म्हणजे वयाच्या सहाव्या वर्षी, त्याची पहिली कायमची दाढ उगवते. ही दाढ दुधाच्या दाढांच्या मागे, मोकळ्या जागी येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. त्यामुळे पुष्कळ पालक तिला दुधाचीच दाढ समजतात आणि ती किडली तरी ‘पडून नवी येईल’ म्हणून स्वस्थ बसतात. ती पुन्हा येत नाही. तिच्या माथ्यावरील खोल खाचांत अन्नकण अडकतात आणि उगवल्यानंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत ती किडण्याचा धोका सर्वाधिक असतो. शाळेतील पहिली-दुसरीची वर्षे या दृष्टीने मोलाची ठरतात.

दात किडण्याची क्रिया प्रथम शास्त्रीय रीतीने मांडली ती बर्लिन येथे काम करणाऱ्या डब्ल्यू. डी. मिलर या अमेरिकन दंतवैद्याने. तोंडातील सूक्ष्मजंतू साखर व पिष्टमय पदार्थ आंबवून अम्ल तयार करतात आणि त्या अम्लाने दाताचे कठीण आवरण (दंतवल्क) विरघळते, असे त्याने १८९० च्या सुमारास दाखवून दिले. या सिद्धांतातून प्रतिबंधाचे दोन मार्ग निघत होते : दातांवरील चिकट थर घासून काढणे आणि साखर कमी करणे. शाळांनी त्यांतील पहिला उचलला. ब्रश मुलाच्या हाती देता येत होता. साखरेला हात घालणे मात्र कोणालाच सोयीचे नव्हते.

मिलरचा सिद्धांत प्रसिद्ध होण्यापूर्वीच या कार्याची हाक स्कॉटलंडमधून आली होती. तेथे १८७२ च्या कायद्याने पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे झाले आणि कष्टकरी वर्गातील मुले प्रथमच मोठ्या संख्येने एका छपराखाली आली. त्यांच्या तोंडांची दशाही त्याबरोबर उघडी पडली. डंडी या गिरण्यांच्या शहरातील दंतवैद्य विल्यम मॅकफर्सन फिशर यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश डेंटल असोसिएशनपुढे निबंध वाचून, शाळकरी मुलांच्या दातांकडे लक्ष देणेही सक्तीचे करावे अशी मागणी केली. सरकार जर मुलाला शाळेत येण्यास भाग पाडते, तर दातदुखीने बेजार झालेले मूल शिकणार कसे, असा या मागणीचा आशय होता. तिला अनुसरून असोसिएशनने पुढील दशकात दहा हजारांहून अधिक मुलांची तपासणी करविली. बहुसंख्य मुलांचे दात किडलेले आढळले. १८९८ मध्ये शालेय दंतवैद्यांची स्वतंत्र संस्थाही स्थापन झाली.

तथापि शासनाचे डोळे उघडले ते मुलांच्या दुःखाने नव्हे, तर सैन्यभरतीच्या आकड्यांनी. बोअर युद्धाच्या वेळी (१८९९–१९०२) खराब दातांमुळे अनेक उमेदवार नाकारावे लागले आणि आघाडीवर गेलेल्या अनेक सैनिकांना त्याच कारणाने निकामी ठरविण्यात आले. राष्ट्राच्या शारीरिक ऱ्हासाची चौकशी करणाऱ्या समितीने १९०४ मध्ये अहवाल दिला आणि १९०७ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये शालेय वैद्यकीय तपासणी सुरू झाली. त्याच वर्षी केंब्रिज येथे जॉर्ज कनिंगहॅम या दंतवैद्याच्या प्रयत्नाने व सेडली टेलर यांच्या देणगीने शाळकरी मुलांसाठी दंतचिकित्सालय उघडले. त्यापूर्वी १९०२ मध्ये तत्कालीन जर्मन साम्राज्यातील स्ट्रासबर्ग येथे एर्न्स्ट येसेन यांच्या पुढाकाराने नगरपालिकेचे मोफत शालेय दंतचिकित्सालय सुरू झाले होते. या दोन्ही ठिकाणी भर होता तो किडलेले दात बुजविण्यावर आणि काढण्यावर. शिक्षण हे त्याला जोडून येत असे.

शिक्षणाला मध्यवर्ती स्थान मिळाले ते अमेरिकेत. क्लीव्हलंड शहरातील मेरिअन शाळेत १९१० च्या सुमारास २७ मुलांचा एक गट निवडून त्यांच्या दातांवर उपचार करण्यात आले, दात घासण्याची व अन्न चावून खाण्याची शिस्त लावण्यात आली आणि त्यानंतर त्यांची मानसिक चाचण्यांतील कामगिरी पुष्कळच सुधारल्याचे जाहीर झाले. या प्रयोगाचा देशभर गाजावाजा झाला. तुलनेसाठी दुसरा गट ठेवलेला नव्हता आणि तीच चाचणी पुनःपुन्हा दिल्याने मुलांचा सराव वाढतो ही गोष्ट प्रचारात मागे पडली. तरीही स्वच्छ दातांमुळे बुद्धी व चारित्र्य सुधारते, ही कल्पना शिक्षकवर्गात रुजली ती येथूनच.

कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथील दंतवैद्य आल्फ्रेड सी. फोन्स यांचे कार्य अधिक पद्धतशीर होते. त्यांनी १९०६ मध्ये आयरीन न्यूमन या आपल्या साहाय्यिकेला दात स्वच्छ करण्याचे शिक्षण दिले आणि या नव्या व्यवसायाला ‘डेंटल हायजिनिस्ट’ असे नाव दिले. दुखणे दूर करणाऱ्या दंतवैद्याहून ही व्यक्ती वेगळी, मूलतः शिक्षिका, असावी असा त्यांचा कटाक्ष होता. १९१३ मध्ये त्यांनी अशा स्त्रियांसाठी पहिला वर्ग सुरू केला व पुढील वर्षी २७ जणींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यांतील काहींना नगरातील शाळांत नेमण्यात आले. त्या मुलांचे दात स्वच्छ करीत, वर्गात पाठ देत, पालकांना पडद्यावर चित्रे दाखवून व्याख्याने देत. ठरावीक आकडे मोजत, रांगेत उभे राहून सर्व वर्गाने एकदम ब्रश फिरवावयाचा, ही ‘ब्रश-कवायत’ त्या काळी लोकप्रिय झाली. पाच वर्षांनंतर पाचवीच्या मुलांतील कायमच्या दातांची कीड सुमारे एकतृतीयांशाने घटल्याचे फोन्स यांनी नोंदविले. हे श्रेय पाठांचे, कवायतीचे, की हायजिनिस्टने वारंवार केलेल्या सफाईचे, हे मात्र त्या आकड्यावरून ठरविता येत नाही.

ब्रिजपोर्ट हे कारखान्यांचे शहर. तेथील शाळांत यूरोपातून आलेल्या स्थलांतरितांची मुले फार. ब्रश-कवायतीतून दातांच्या स्वच्छतेबरोबर त्या मुलांना ‘चांगले अमेरिकन’ करण्याचाही उद्देश साधला जात होता. स्वच्छ दात कधीच किडत नाही, हे त्या काळचे ब्रीदवाक्य. त्याचा अर्थ उलटा लावला की, ज्याचा दात किडला तो अस्वच्छ, आणि त्याची आई निष्काळजी असा निष्कर्ष सहज निघे. मौखिक आरोग्यशिक्षणाला लागलेला हा नैतिक उपदेशाचा सूर पुढे जगभर पसरला. टूथपेस्टच्या उत्पादकांनीही तो उचलला. कोलगेट कंपनीने १९११ पासून अमेरिकेतील शाळांतून नळ्या व ब्रश मोफत वाटले. जपानमध्ये लायन कंपनीने १९३२ मध्ये शाळकरी मुलांचे सामुदायिक दात घासण्याचे मेळावे सुरू केले. कंपन्यांच्या या मदतीमुळे पुष्कळ मुलांच्या हाती पहिला ब्रश आला हे खरे. परंतु मिठाई व साखर यांविषयी या साहित्यात जे सौम्य बोलले जाई, तेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

न्यूझीलंडने याहून वेगळा मार्ग धरला. पहिल्या महायुद्धातील सैनिकांचे दात पाहून तेथील शासनाने टॉमस हंटर यांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये शालेय दंतसेवा स्थापिली. दोन वर्षांचे प्रशिक्षण घेतलेल्या तरुण दंत-परिचारिका शाळांच्या आवारातील चिकित्सालयांतून दात बुजवीत, किडके दुधाचे दात काढीत आणि वर्गात जाऊन आरोग्याचे पाठ देत. दंतवैद्य नसलेल्या व्यक्तीने दात कोरावेत, याला व्यवसायातून विरोध झाला; पण ही योजना टिकली आणि १९४९ मध्ये मलायातील पिनँग येथेही तिच्या धर्तीवर प्रशिक्षण सुरू झाले. कुदळीने दात खणणारा ‘बर्टी जर्म’ हा जंतू तेथील भित्तिचित्रांतून पिढ्यानपिढ्यांच्या ओळखीचा झाला. मुले मात्र त्या चिकित्सालयांना ‘खाटीकखाना’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. पायाने चालविल्या जाणाऱ्या कोरणीचा अनुभव विसरण्याजोगा नव्हता. जवळजवळ प्रत्येक प्राथमिक शाळेपर्यंत पोहोचलेल्या या सेवेनंतरही १९७० नंतरच्या दशकातील आंतरराष्ट्रीय पाहणीत पस्तिशी-चाळिशीतील न्यूझीलंडवासीयांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांच्या तोंडात एकही नैसर्गिक दात उरलेला नाही, असे दिसले. उपचार होत होते, उपदेशही होत होता. रोग उत्पन्न होण्याचे कारण मात्र जागच्या जागी होते.

ते कारण किती प्रबळ आहे याचा पुरावा दुसऱ्या महायुद्धाने अनायासे दिला. साखरेची टंचाई असताना नॉर्वेमधील शाळकरी मुलांचा दंतक्षय लक्षणीयरीत्या उतरला, आणि युद्धानंतर साखर मिळू लागताच तो पुन्हा चढला. या मुलांना युद्धकाळात कोणी अधिक पाठ दिले नव्हते. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील प्रयोगाने (१९४५–५३) साखरेच्या प्रमाणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती किती वेळा व किती चिकट स्वरूपात खाल्ली जाते याला महत्त्व असल्याचे दाखविले. मनोरुग्णालयातील असहाय रुग्णांवर केलेला हा प्रयोग नैतिक दृष्ट्या निंद्यच होता. त्यातून स्वीडनमध्ये मुलांना मिठाई आठवड्यातून एकदाच, शनिवारी, देण्याचा प्रघात पडला. साखरेविषयीच्या शिक्षणाचे समाजाने पाळलेले असे दुसरे उदाहरण क्वचितच आढळेल.

दुसरा मोठा बदल फ्ल्युओराइडने घडविला. पाण्यातील अल्प फ्ल्युओराइडमुळे दंतक्षय घटतो, असे दिसून आल्यावर १९४५ मध्ये अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्झ येथे पाण्यात फ्ल्युओराइड मिसळण्यास प्रारंभ झाला. १९५० नंतरच्या दशकात फ्ल्युओराइडयुक्त टूथपेस्ट बाजारात आली. दंतवल्कातून निघून गेलेली खनिजे परत बसविण्याच्या क्रियेला फ्ल्युओराइड चालना देते. म्हणून ते रोज थोडे थोडे दाताच्या पृष्ठभागाशी येणे इष्ट असते. दात घासण्याच्या उपयोगितेचा अर्थच यामुळे बदलला. नुसत्या घासण्याने कीड टळते याचा पुरावा अपुराच होता. ब्रश हे फ्ल्युओराइड दातांपर्यंत नेण्याचे साधन ठरले. औद्योगिक देशांत १९७० नंतर मुलांच्या दंतक्षयात जी घट झाली, तिचे प्रमुख श्रेय तज्ञ या पेस्टला देतात.

वर्गातील पाठांची खरी परीक्षा त्यानंतर झाली. अमेरिकेत १९७६ ते १९८३ या काळात दहा ठिकाणच्या सुमारे वीस हजार मुलांवर एक मोठा प्रकल्प राबविण्यात आला. पाठ, शाळेत ब्रश व दोरा वापरण्याचा सराव, फ्ल्युओराइडच्या गोळ्या व गुळण्या, दाढांच्या खाचांवर लावावयाचा प्लॅस्टिकसारखा लेप अशा निरनिराळ्या उपायांची जुळणी वेगवेगळ्या गटांत करून पाहिली गेली. लेपाचा फायदा स्पष्ट दिसला. पाठ व सराव यांमुळे कीड घटल्याचे मात्र जवळजवळ दिसले नाही. पुढे १९९० नंतरच्या दशकात केई व लॉकर यांनी उपलब्ध अभ्यासांचे परीक्षण केले. आरोग्यशिक्षणाने मुलांचे ज्ञान निश्चित वाढते, दातांवरचा थर काही काळ कमी होतो, परंतु फ्ल्युओराइडची जोड नसेल तर दंतक्षयावर परिणाम झाल्याचे आढळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. दात केव्हा, कसे आणि का घासावेत याचे अचूक उत्तर देणाऱ्या मुलाच्याच दाढा किडलेल्या असतात, हा दंततपासणी करणाऱ्या कोणासही येणारा अनुभव त्याच्याशी जुळतो.

या निष्कर्षाने शाळेचे महत्त्व संपले असे नव्हे. शाळेने काय करावे, हे बदलले. योगायोग असा की, नव्या प्रयोगांपैकी एक महत्त्वाचा प्रयोग फिशर यांच्या डंडी शहराच्या परिसरातच झाला. टेसाइड विभागातील बारा शाळांतील पाच वर्षांच्या सुमारास वय असलेल्या पाचशेहून अधिक मुलांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाने शाळेच्या प्रत्येक दिवशी, देखरेख करणाऱ्या बाईंच्या समोर, फ्ल्युओराइडयुक्त पेस्टने दात घासले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार दोन वर्षांत या गटातील पहिल्या कायमच्या दाढांची कीड दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी होती. देखरेख करणाऱ्या स्त्रिया तज्ञ नव्हत्या. अल्प प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक आयाच होत्या. पुढे स्कॉटलंडमध्ये ‘चाइल्डस्माइल’ या नावाने हा उपक्रम २००६ पासून वाढत जाऊन देशव्यापी झाला. शाळेत प्रवेश करणाऱ्या मुलांपैकी उघड कीड नसलेली मुले २००३ मध्ये सुमारे ४५ टक्के होती. २०१८ मध्ये ती ७१ टक्के झाली. गरीब व सधन वस्त्यांतील अंतर कमी झाले, पण नाहीसे झालेले नाही.

फिलिपीन्समध्ये २००६ च्या राष्ट्रीय पाहणीत सहा वर्षांच्या ९७ टक्के मुलांना दंतक्षय आढळला होता. तेथे साबणाने हात धुणे, फ्ल्युओराइडयुक्त पेस्टने दात घासणे आणि वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी देणे, ही तीन कामे शिक्षकांच्या देखरेखीखाली एकत्र गुंफण्यात आली. पुरेसे दंतवैद्य नसलेल्या देशात हे करता येते, हे त्यामुळे सिद्ध झाले. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्ल्युओराइडयुक्त टूथपेस्टचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

भारत : दंतधावनाची परंपरा भारतात प्राचीन आहे. चरकसंहितेत करंज, करवीर, रुई, अर्जुन इ. वृक्षांच्या काड्या दंतधावनास सांगितल्या आहेत, आणि बाभूळ व कडुनिंबाच्या काड्या, राखुंडी, मीठ यांचा वापर महाराष्ट्रातील खेड्यांत अलीकडेपर्यंत सर्रास होता. शाळेतील आरोग्यतपासणीचा आरंभ १९०९ मध्ये बडोदे शहरात झाला. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. स्कॉटलंडप्रमाणेच येथेही शिक्षणाच्या सक्तीपाठोपाठ तपासणी आली, हे लक्षणीय आहे. तथापि १९४६ मध्ये भोर समितीला देशात शालेय आरोग्यसेवा जवळपास नाहीच असे म्हणावे लागले. रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ मध्ये या सेवेचा सविस्तर आराखडा दिला. त्याची अंमलबजावणी राज्याराज्यांत विषम राहिली.

दंतवैद्यकाचे शिक्षण भारतात १९२० मध्ये कलकत्त्यास रफिउद्दीन अहमद यांनी सुरू केले. मुंबईतील नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे. या महाविद्यालयांतील विद्यार्थी पुढे शाळाशाळांतून तपासणी-शिबिरे घेऊ लागले. इंडियन डेंटल असोसिएशन आणि कोलगेट कंपनी यांनी १९७६ पासून चालविलेला संयुक्त शालेय कार्यक्रम हा या क्षेत्रातील सर्वांत विस्तृत म्हणता येईल. त्याचे स्वरूप मुख्यतः वर्षातून एकदा होणारी भेट, तक्ते, जबड्याच्या प्रतिकृतीवर दाखविलेले प्रात्यक्षिक आणि छोटी नळी असे राहिले. एका दिवसाच्या अशा भेटीने वर्षभराची सवय लागावी, ही अपेक्षा वर उल्लेखिलेल्या पुराव्यावरून भाबडीच म्हणावी लागेल. महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत प्रार्थनेनंतर नखे, केस व दात पाहण्याची जुनी पद्धत आहे. ती रोजची असल्याने मूळ कल्पना चांगली. परंतु दात पिवळे दिसलेल्या मुलाला वर्गासमोर उभे करण्यात तिचा शेवट होत असेल, तर त्या मुलाला ब्रश मिळत नाही, केवळ लाज मिळते.

महाराष्ट्रात व गोव्यात या शिक्षणाला आणखी एका गोष्टीशी झगडावे लागते. तंबाखू भाजून केलेली मशेरी दातांना लावण्याची सवय ग्रामीण स्त्रियांत रूढ असून आई-आजीचे पाहून ती मुलींनाही लागते. गोव्यात तंबाखूयुक्त पेस्टही वापरात होती. दंतमंजनांत व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र शासनाने १९९२ मध्ये बंदी केली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला मात्र तो नियम लागू पडत नाही. दात स्वच्छ होतात या समजुतीनेच ती लावली जात असल्यामुळे, नुसते ‘दात घासा’ असे सांगणारा पाठ येथे अपुरा, प्रसंगी उलट परिणाम करणारा ठरतो. कशाने घासावेत हे सांगणे येथे अधिक निकडीचे असते. मुखाच्या कर्करोगाचे भारतातील मोठे प्रमाण लक्षात घेता, ज्ञान देण्यानेच साध्य होईल असे काही या विषयात असेल तर ते हे होय.

राष्ट्रीय मौखिक आरोग्य पाहणीत (२००२–०३) पाच वर्षांच्या ५१·९ टक्के, बारा वर्षांच्या ५३·८ टक्के व पंधरा वर्षांच्या ६३·१ टक्के मुलांत दंतक्षय आढळला. २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दंतक्षयाचा तपासणीयोग्य विकारांत समावेश करण्यात आला आणि २०१४ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमाला सुरुवात झाली. तपासणीत किडलेली दाढ आढळलेल्या मुलाला तालुक्याच्या गावी नेण्यास आई-वडिलांची एका दिवसाची मजुरी बुडते. म्हणून चिठ्ठी दिलेल्या मुलांपैकी किती जणांवर खरोखर उपचार झाले, हा आकडा केवळ तपासलेल्या मुलांच्या आकड्यापेक्षा अधिक अर्थपूर्ण होय.

देखरेखीखालील दंतधावनासाठी भारतीय शाळेत एक सोय तयारच आहे. १९९५ पासून सुरू असलेल्या मध्यान्ह भोजन योजनेमुळे मुले रोज ठरावीक वेळी एकत्र जेवतात व हात धुतात. त्याला दात घासण्याची जोड देणे अवघड नाही. अडचणी आहेत त्या पाण्याच्या, ब्रश नावानिशी वेगवेगळे व कोरडे ठेवण्याच्या आणि पेस्टच्या अखंड पुरवठ्याच्या. पेस्ट वाटाण्याएवढीच घ्यावी व थुंकून टाकावी, कारण लहान मुले ती गिळतात. दुसरी मर्यादा भूगर्भातील पाण्याची. यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यातच फ्ल्युओराइड प्रमाणाबाहेर असून तेथील मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात. हे डाग घासून जात नाहीत. ते दात घडत असतानाच पडलेले असतात. अशा गावांतील शाळांत प्रथम पाण्याची तपासणी करून सुरक्षित पाण्याची सोय करावी लागते, आणि डाग असलेल्या मुलाला अस्वच्छ न समजण्याची सूचना शिक्षकांच्या प्रशिक्षणात द्यावी लागते.